जात : पिट

सुगी उरकून पंधरा दिवस झाले होते आणि गिरणीच्या दारातली डब्यांची रांग रस्त्याला लागली होती. नवा गहू अंगात ओल धरून असतो. तो दगडाला चिकटतो, पीठ तापतं, आणि दुसऱ्या दिवशी बायका डबा कडेवर घेऊन भांडायला येतात. म्हणून या दिवसांत काकू गिरणी कुणाच्या हाती देत नसत. सकाळी आठला खटका दाबायच्या, दुपारी जेवणापुरता वर करायच्या, की मग थेट दिवेलागणीलाच.

गिरणीत यंत्रं दोन आणि मोटर एक. एक बारीक दगडाचं, माणसांच्या पिठासाठी. दुसरं जाड दगडाचं, जनावरांच्या भरड्यासाठी. मोटरचा पट्टा काढून या यंत्रावरून त्या यंत्रावर चढवायचा, त्यामुळे एका वेळी एकच फिरे. सासूबाईंनी आयुष्याची पहिली वर्षं हाताने दळलं होतं. तेव्हाचा शब्द घरात राहून गेला होता, आणि घरातून तो गावात गेला होता. यंत्राला कुणी यंत्र म्हणत नसे. एक पिठाचं जातं, एक भरड्याचं जातं. काकू रस्त्यात दिसल्या, दुकानात दिसल्या, कुणाच्या मयतीला दिसल्या तरी लोक आधी तेच विचारत, "काकू, आज जातं कोणतं?" आणि काकू सांगत, "पिठाचं," नाहीतर "भरड्याचं."

काकूंचं वय अठ्ठेचाळीस, त्यातली सव्वीस वर्षं या दोन दगडांपाशी गेलेली. त्यांच्याहून मोठ्या बायकाही त्यांना काकूच म्हणत. नवरा दगडांना टाकी लावायचं काम करी. दळून दळून गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीने पुन्हा खाचा पाडायच्या, म्हणजे दगड परत दाण्याला धरतो. आसपासच्या दहा गावांतल्या गिरण्या त्याच्याकडे होत्या, म्हणून त्याला टाकीवाला म्हणत. पण पिठाची कीर्ती काकूंची. लोक म्हणत, काकूंचा कान म्हणजे कान. दगड जरा कुरकुरला की काकू सांगणार, दाणा ओला आहे, उद्या वाळवून आण.

आणि हे खोटं झाल्याला चार वर्षं झाली होती.

आधी पातळ आवाज गेले. चिमणी, किल्ल्यांचा जुडगा, कढईतली तडतड. मग माणसांच्या बोलण्यातली पातळ अक्षरं गळू लागली. स आणि श आधी, मग त आणि ट. जाड तेवढी राहिली, चाळणीत कोंडा राहावा तशी. काकूंना वाक्याचा आकार कळे, आतले दाणे कळत नसत. त्या ओठांकडे बघायला शिकल्या. दगडाचं बोलणं तळहातात घ्यायला शिकल्या. पीठ पडतं त्या पन्हळीवर हात ठेवायचा. थरथर बारीक असली तर दगड भरलेला, जाड झाली तर पोकळ. ओला दाणा पायांना आधी कळे, अनवाणी तळव्याखालची फळी जड हलायची. पीठ पूर्वीसारखंच उतरत होतं. म्हणून कुणाला काही सांगायचं कारणच पडलं नाही. या घरात तसंही सगळे ओरडूनच बोलत.

एकच गोष्ट तळव्यांना कळत नसे. पाठीमागे कुणी आलं तर.

ते काम कोंड्या करी. तीन वर्षांपूर्वी रिकाम्या कोंड्याच्या पोत्यात तो सापडला, मुठीएवढा, डोळे नुकते उघडलेले. पोतं कुठल्या गाडीतून आलं, कुणी त्यात पिल्लू टाकलं, काही कळलं नाही. रंग कोंड्याचा, म्हणून नाव कोंड्या. मोठा झाल्यावर डोकं मात्र रुंद निघालं, जबडा भरलेला, मान आखूड, केस आखूड. बघणारा एक पाऊल मागे सरे. आणि हा दिवसभर पिठाच्या जात्याच्या पायाशी झोपलेला असे. दारात माणूस आलं की उठायचा, काकूंच्या पोटरीला ओलं नाक टेकवायचा आणि परत जागेवर जाऊन पडायचा. कुणी शिकवलं नव्हतं. काकू वळून म्हणत, "या, बसा, कुणाचा नंबर?" आणि लोक म्हणत, बघा, एवढ्या आवाजात पाऊल ऐकलं.

मंगळवारी कचेरीचा शिपाई आला. त्याच्या मागे दूधवाला आला, कारण गावात कुठेही कागद आला की दूधवाला त्याच्या मागे असेच. काकूंनी खटका वर केला.

"काकू, तुमचा कुत्रा पिट आहे?" शिपाई म्हणाला.

"काय आहे?"

"पिट. पिट बुल. यादीत चौथा." त्याने कागद पुढे धरला.

पलीकडच्या गावात एका बंगल्यावरच्या कुत्र्याने सात वर्षांच्या मुलीचा हात फाडला होता. चौदा टाके. वरून हुकूम सुटला होता. आठ जातींची यादी, आणि त्या जातीचा कुत्रा ज्याच्याकडे असेल त्याने शनिवारी जनावरांच्या दवाखान्यात आणून द्यायचा. तिथून शहराच्या कोंडवाड्यात. पुढचं कागदात लिहिलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांना कळत होतं. गेल्या हिवाळ्यात लस टोचली तेव्हाच्या वहीवरून शिपायाने नावं उतरवली होती.

"अरे, तो पोत्यातून निघाला," काकू म्हणाल्या. "त्याला कसली आलीय जात?"

उंबऱ्यावर गहू निवडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "काय म्हणतोय? पीठ? मग गिरणीतला कुत्रा पिठाचा नाही तर काय भुशाचा असणार?"

"आजी, पीठ नाही, पिट."

"तेच ते. तुला दात नाहीत का?"

दूधवाला हसला. दारातूनच त्याने कोंड्याकडे बोट केलं. "कोंड्या चालला कोंडवाड्यात! नाव ठेवतानाच चुकलात काकू." एवढं बोलून त्याने आपला पाय मात्र मागे घेतला. कोंड्याने जांभई दिली. त्या जांभईत त्याचे दात सगळ्यांनी पाहिले, आणि दूधवाल्याने ते पाहिले हे काकूंनी पाहिलं.

ते गेल्यावर काकूंनी तराजूखालच्या डब्यातून लसीचं कार्ड काढलं. टोचून आणल्या दिवशी ते तिथे ठेवलं होतं, नंतर कधी उघडलं नव्हतं. नाव : कोंड्या. वय : अडीच. रंग : भुरा. जात : पिट. खाली काकूंची सही.

त्या तशाच कार्डाकडे बघत राहिल्या, आणि तो दिवस त्यांना जसाच्या तसा आठवला. दवाखान्याचं अंगण. पन्नास कुत्री, भुंकण्याचा नुसता कालवा. कंपाउंडर मुळातच हळू बोलणारा, त्यातून नाकातोंडाला रुमाल बांधलेला. ओठ दिसत नव्हते. त्याने काहीतरी विचारलं. काकूंपर्यंत पोचलं ते एवढंच, जा, आणि शेवटी वर चढलेला सूर. सव्वीस वर्षं रोज ऐकलेला प्रश्न. जातं कोणतं? त्यांना वाटलं, घरी दळण असेल बिचाऱ्याचं. त्यांनी ठणकावून सांगितलं, "पिठाचं!" त्याने पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, "अहो, पिठाचं!" त्याने कोंड्याच्या डोक्याकडे पाहिलं, मान हलवली आणि लिहिलं.

त्याने जात विचारली होती. पिठाचं त्याला पिटाचं ऐकू गेलं होतं. पिटाचं पिल्लू.

काकूंनी कार्ड डब्यात ठेवलं, त्यावर पासंगाचे दगड ठेवले आणि खटका दाबला.

बुधवारी रांग होती, पण दारापासून चार हात लांब. बायका डबा पायाने पुढे ढकलत आणि मागे सरत. कालपर्यंत याच बायका कोंड्याला ओलांडून आत येत. शिंपीण म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण त्याला मागे बांधा ना. लेकरं बरोबर असतात." तिच्या कडेवर लेकरू होतंच, आणि गेल्या महिन्यात ते कोंड्याचा कान धरून उभं राहायला शिकलं होतं. पलीकडच्या गावातल्या मुलीचा हात खराच फाटला होता. ती भीती खोटी कशी म्हणायची? त्यांनी कोंड्याला परसात नेऊन खुंटीला बांधलं.

आणि दिवसभर त्यांच्या पाठीला काटा राहिला. चार डबे दळायचे तोवर सहा वेळा वळून पाहायचं. तरी मास्तरीणबाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या इतक्या दचकल्या की हातातलं सूप पन्हळीवर आपटलं.

"अहो, चार हाका मारल्या!"

"गिरणीत हाका ऐकू येतात होय कुणाला?" काकू हसल्या.

"तुम्हाला येतात की. एरवी येतात." मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

त्या गेल्या, आणि त्यांच्या विचारात काकूंचा हात पन्हळीवरून सुटला तो सुटलाच. वरचा दाणा संपला. दगड दगडावर फिरू लागला. अशा वेळी जो आवाज निघतो तो रस्त्यापलीकडे जातो, दात आंबतात. टाकीवाला जेवता जेवता खरकट्या हाताने धावत आला आणि त्याने खटका वर केला. तोवर काकूंना जळका वास नुकताच लागत होता.

"अगं, दगड कोरडा फिरतोय! ऐकू नाही आलं?"

"बाहेर बघत होते."

त्याने दगडाला हात लावला, चटका बसला तसा काढला. काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. काही विचारणार असं वाटलं, पण त्याला दगडाचंच जास्त लागलं होतं. "आठवड्याची टाकी गेली," एवढं म्हणून तो हात धुवायला गेला.

गुरुवारी संध्याकाळी तो परसात कोंड्यासमोर उकिडवा बसला. नवा दगड आला की जसा वीत लावून मापायचा तसं त्याने कुत्र्याचं डोकं मापलं. दोन्ही अंगठ्यांनी ओठ वर केले. कोंड्याने त्याचं मनगट चाटलं.

"मी विचार केलाय," तो म्हणाला. बायकोशी बोलताना तो हल्ली नेहमी समोर येऊन बोले; का, ते त्यालाही कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. "कंपाउंडरने चुकीचं लिहिलं असं लेखी द्यायचं. दोन साक्षीदार मी आणतो. तोंडाला रुमाल, डोक्यात भलतंच काहीतरी. सुटला कुत्रा."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं काय व्हायचंय? ओरडा खाईल."

"तो कायम नाहीये. वर्षावर्षाचा कागद आहे त्याचा."

"मग कोंड्याला जाऊ दे?" त्याचा आवाज चढला, तो काकूंना ऐकू आला. "शहरातल्या कोंडवाड्यात आठ दिवस ठेवतात. कुणी नेला तर नेला. असलं डोकं बघून कोण नेणार आहे?"

सासूबाई आतून ओरडल्या, "त्याला विचारा की कोणाला चावलाय तो आजवर!"

"आई, ते कुणी विचारत नाही. जात विचारतात."

शुक्रवारी भर दुपारी कंपाउंडर दळण घेऊन आला. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवता आलं असतं, पण स्वतःच आला. तिशीचा, किडकिडीत, शर्टाच्या खिशाला औषधाचा जांभळा डाग. डबा खाली ठेवून तो काकूंच्या समोर उभा राहिला. आज रुमाल नव्हता.

"काकू, मी दोनदा विचारलं होतं," तो म्हणाला. ओठ स्पष्ट होते, एकेक अक्षर दिसत होतं. "तुम्ही दोनदा पिटाचं म्हणालात. मी मनाने काही लिहिलं नाही."

काकूंनी डबा उचलला.

"टाकीवाले काका साक्षीदार बघतायत असं कळलं. माझ्या विरुद्ध. मी तुम्हाला दोष देत नाही काकू. फक्त..." पुढचं त्याने खाली बघून म्हटलं, आणि ते गेलं.

फक्त काय, हे विचारायला हवं होतं. काकू म्हणाल्या, "बारीक की मध्यम?"

"मध्यम," तो म्हणाला.

त्याचं पीठ पडत होतं तोवर काकूंनी पन्हळीवरचा हात काढला नाही आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. दळण संपलं, डबा त्याच्याकडे सरकवला. त्याने चिमूट उचलून बोटांत चोळली, सगळे चोळतात तशी, आणि मान हलवली. पीठ चांगलं होतं.

शनिवारी दवाखान्याच्या ओसरीवर सात कुत्री होती आणि बघायला निम्मं गाव. टाकीवाल्याने कोंड्याच्या तोंडाला सुताची दोरी गुंडाळली होती. वाटेत दोनदा त्याने ती पंजाने काढली, दोनदा परत बांधली. दूधवाला सगळ्यांच्या पुढे खांबाला टेकून उभा होता.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांच्या उजव्या हातावर जुन्या चाव्याची पांढरी खूण होती. काकूंचा नंबर आल्यावर त्या खुर्चीवरून उठून खाली बसल्या, कोंड्याच्या तोंडची दोरी सोडली, जबडा चाचपला, पंजा दाबला, मग अचानक पत्र्याचं टमरेल जमिनीवर आपटलं. कोंड्या दोन पावलं मागे गेला आणि काकूंच्या पायामागे उभा राहिला.

"मॅडम, हा पिट नाही," टाकीवाला म्हणाला. "लिहिण्यात चूक आहे."

"बघून मी काय सांगू?" डॉक्टर म्हणाल्या. "रुंद डोकं म्हणजे पिट, असं धरलं तर गावातले दोन-तीन पुढारीही यादीत येतील." ओसरी हसली. "पण नाही असंही मी लिहू शकत नाही. नुसतं तोंड बघून जात सांगायला लागले तर मी निम्म्या वेळा चुकेन. म्हणून तर मालक सांगतो तीच जात आम्ही लिहितो. हे बघा, कार्डावर छापलंय, मालकाच्या सांगण्यावरून. खाली सही कुणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या.

"मग तुम्ही सांगितलेलं चुकीचं कसं, ते मला कळलं पाहिजे. कारण पटलं तर मी बदलते. नाहीतर आज सगळेच म्हणतील, आमचा तो नव्हेच."

"यांनी ऐकलंच नाही नीट!" टाकीवाल्याने कपाटापाशी उभ्या असलेल्या कंपाउंडरकडे बोट केलं. "तोंडाला रुमाल, कुत्र्यांचा गोंगाट. साक्षीदार आणलेत मी."

डॉक्टर वळल्या. "तुम्ही काय ऐकलंत?"

कंपाउंडर जमिनीकडे बघत काही बोलला. काकूंना ते ऐकू आलं नाही, पण त्याची हनुवटी दोनदा हलली तेवढी दिसली. दोनदा विचारलं. डॉक्टरांनी वहीत काहीतरी टिपायला पेन उचललं. त्या काय टिपणार आणि कुणाच्या नावापुढे, हे समजायला कान लागत नव्हते.

"मला ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या.

त्यांना ते हळूच म्हणायचं होतं. पण गिरणीवाल्यांचा हळू आवाजही दोन घरं ओलांडतो. ओसरीवरचा, अंगणातला, फाटकापाशी सायकल धरून उभा असलेला, सगळ्यांनी ते ऐकलं.

"म्हणजे?" डॉक्टर म्हणाल्या.

"चार वर्षं झाली. ओठ दिसले तर कळतं. यांच्या तोंडाला रुमाल होता. यांनी विचारलं, जात कोणती. मला ऐकू आलं, जातं कोणतं. मी म्हटलं पिठाचं." काकूंनी श्वास घेतला. "यांचं काही चुकलं नाही. दोनदा विचारलं यांनी. मी दोनदा तेच सांगितलं."

कुणीतरी फसकन हसलं. मग थांबलं. टाकीवाल्याचं बोट अजून कपाटाकडेच होतं, ते त्याने हळूच खाली घेतलं.

"वाईट वाटून घेऊ नका, पण मला बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करा."

काकू भिंतीकडे वळल्या. भिंतीवर गाईच्या पोटाचं चित्र होतं, चार कप्पे चार रंगांत, प्रत्येकाला नाव. त्यांनी पहिला कप्पा वाचला. मागे निम्मं गाव उभं होतं आणि मागे काहीच नव्हतं. दुसरा कप्पा वाचला. शाळेत धड्याचं उत्तर येत नसताना उभं केलं की कानाच्या पाळ्या तापायच्या, तशा तापल्या. तिसऱ्या कप्प्याचं नाव वाचत असताना पोटरीला ओलं नाक लागलं.

त्या वळल्या. डॉक्टर पाठीमागे अगदी दोन हातांवर उभ्या होत्या.

"मी बोलले?" डॉक्टरांनी विचारलं, आता तोंड दाखवून.

"बोललात?"

"तीनदा." त्या काकूंकडे बघत नव्हत्या, कुत्र्याकडे बघत होत्या. "हा कधीपासून करतो हे?"

"काय?"

"तुम्हाला सांगायचं काम."

"मी शिकवलं नाही त्याला," काकू घाईघाईने म्हणाल्या, जणू तोही गुन्हाच होता.

डॉक्टरांनी कार्डावरचा पिट खोडला आणि वर लिहिलं, अज्ञात. शिक्का मारताना त्या म्हणाल्या, "हा चावणार नाही असं मी लिहून देत नाही. कुठल्याच कुत्र्याचं देत नाही. गिरणीत बांधून ठेवा, रस्त्यावर तोंडाला जाळी. आणि शहरात जाऊन कान दाखवा. गेलेलं परत येणार नाही, पण राहिलंय ते राहील. कानात बोळे घालून दळा."

ओसरीवरून उतरताना वाट आपोआप मोकळी झाली, कोंड्यासाठी की काकूंसाठी, सांगता आलं नसतं. खांबापाशी दूधवाला शेजाऱ्याला काहीतरी सांगत होता. आता काकूंना ऐकू येत नाही हे ठाऊक झाल्यामुळे तो आवाज राखून बोलत नव्हता, आणि ओठ लपवायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. मग इतकी वर्षं दळत काय होत्या, देव जाणे.

घरी सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे चार वर्षं मी तुला शिव्या घालते आणि तू हसतेस, ते हे होय? मला वाटलं, सून सुधारली."

काकूंना हसू आलं आणि मग ते थांबेना. हसता हसता त्यांनी फडक्याने डोळे पुसले.

रविवारी टाकीवाल्याने पिठाचं जातं उघडलं. कोरडा फिरलेला दगड पालथा घालून तो दिवसभर छिन्नी चालवत राहिला. काकू समोर बसून दगडाची पूड झाडत होत्या.

"मला तरी सांगायचंस," तो शेवटी म्हणाला.

"दळणारीला कान नाहीत म्हटल्यावर कोण दळण आणेल?"

"मी कुठे दळण आणतो?" तो म्हणाला. जरा वेळाने छिन्नी खाली ठेवून त्याने विचारलं, "मग ओला दाणा कळतो कसा तुला?"

काकूंनी त्याचा हात धरून दगडावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सोमवारी अकरा डबे आले. सुगीनंतरच्या सोमवारी चाळिसांच्या खाली कधी येत नसत. शिंपीण आली नाही. मास्तरीणबाई आल्या, डबा ठेवला आणि हात हलवून, तोंड मोठं करून म्हणाल्या, "सं-ध्या-का-ळी ने-ते!" काकूंना हे सगळ्यात जड गेलं, पण त्यांनी मान हलवली. कंपाउंडरचा डबा दारात होता, त्याच्या बायकोने आणून ठेवलेला. शुक्रवारीच तर नेलं होतं.

दुपारी गवंड्याची बायको आली. अंगाने भरभक्कम, गावातली सगळ्यात भांडकुदळ म्हणून नाव असलेली. तिने डबा ठेवला आणि गेली नाही. इतर बायका डबा ठेवून जात. ही उभी राहिली. काकूंना कळलं, पीठ तपासणार. त्यांनी दाणा ओतला, पन्हळीवर हात ठेवला आणि तळव्यांकडे लक्ष दिलं. नव्या टाकीचा दगड होता, थरथर कोवळी होती.

कोंड्या आता जात्याच्या खांबाला आखूड दोरीने बांधलेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं बांधा, टाकीवाल्याने बांधला होता, आणि त्याला नेहमीच्या जागेपर्यंत पोचता येत नव्हतं म्हणून तो खांबाभोवती जागा शोधत फिरत होता.

गवंड्याच्या बायकोने काहीतरी म्हटलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं तोवर तिचं तोंड कुत्र्याकडे वळलेलं होतं. भुवया आवळलेल्या, हात हवेत. तिने परत काहीतरी म्हटलं, मोठ्याने, मानेच्या शिरा ताणून. काकूंच्या ओठांवर ते जुनं हसू आपोआप आलं, मान होकाराला हललीही. चार वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. काय म्हणत असणार? भीती वाटते, मागे न्या, नाहीतर मी दळण दुसरीकडे नेते.

मग त्यांनी हसू आवरलं. पन्हळीवरचा हात उचलून कानामागे धरला.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "इकडे तोंड करून सांग."

गवंड्याची बायको फळी ओलांडून थेट त्यांच्या पुढ्यात आली, पिठाने तिचा पाय भरला. तिने काकूंचे दोन्ही खांदे धरले.

"त्याची शेपूट!" ती म्हणाली. "पट्ट्यात जाईल त्याची शेपूट! काय बांधलंय बिचाऱ्याला, ही काय रीत झाली?"

काकूंनी वळून पाहिलं. फिरत्या पट्ट्यापासून दोन बोटांवर कोंड्या आनंदाने शेपूट हलवत होता. त्यांनी धावत जाऊन खटका वर केला. पट्टा सावकाश होत थांबला, तळव्यांखालची फळी शांत झाली. दोघी मिळून दोरी सोडायला बसल्या. टाकीवाल्याने गाठ अशी मारली होती की नखं लावली तरी सुटेना, आणि कोंड्या दोघींच्या मध्ये तोंड घालून आळीपाळीने दोघींचे हात चाटत होता.

"कडेला हो रे," गवंड्याची बायको त्याला कोपराने ढकलत म्हणाली. "कुठल्या जातीचा आहेस कोण जाणे, पण मूर्ख आहेस एवढं नक्की."

हे मात्र काकूंना पूर्ण ऐकू आलं.